मिलोची तीन बोटं माती

नेब्रास्कातल्या टेबर क्रॉसिंगमध्ये मिलो कुचेराचं घर शोधायला पत्ता लागत नाही. पोस्टाच्या गल्लीत ज्या घरापुढचं गवत गुडघ्याला लागतं, ते मिलोचं. त्या गवतात आजवर काय काय गडप झालंय ते शेजाऱ्यांना तोंडपाठ आहे: पाणी घालायचा एक पाइप, नाताळात लावायची प्लास्टिकची दोन हरणं आणि दोन मांजरं, त्यातलं एक परत आलं. हाच माणूस सकाळी सहाला कॉलेजच्या बेसबॉल मैदानावर गेला की पोटावर पडून, एक डोळा मिटून, गवताचं एखादं पातं दुसऱ्यापेक्षा वर आलंय का ते बघतो. त्याची बायको डोरीन पोस्टाच्या खिडकीत बसते. ती टपालासोबत हेही वाटते, की सत्तावीस वर्षांच्या संसारात या माणसाने आपल्या भांगाकडे इतकं मन लावून कधी पाहिलं नाही.

मिलो स्वतः खेळाडू वगैरे काही नव्हता. शाळेच्या संघात तीन वर्षं होता, म्हणजे बाकावर होता. त्या तीन वर्षांत दोनदा बॅट हातात आली. एकदा तीन चेंडूंत बाद झाला आणि एकदा चेंडू कंबरेत बसला. कंबरेत बसला त्याच्या बदल्यात नियमाप्रमाणे पहिल्या बेसपर्यंत, म्हणजे धावेच्या पहिल्या टप्प्यापर्यंत, चालत जायला मिळालं. ती कारकिर्दीतली सगळ्यात मोठी मजल तो आजही पाऊल न् पाऊल सांगतो. वडील गावाबाहेरच्या धान्याच्या कोठारावर वजनकाटा सांभाळायचे. मिलोनेही तेच करावं असं त्यांना वाटत होतं. पण सव्वीस वर्षांपूर्वी कॉलेजला मैदान राखायला माणूस हवा होता, आणि बाकावर बसून मैदानाकडे इतका वेळ बघितलेला दुसरा माणूस गावात नव्हता.

मैदानातला त्याचा खरा जीव उंचवट्यात. बेसबॉलमध्ये चेंडू टाकणारा पिचर सपाट जमिनीवर उभा राहत नाही. त्याच्यासाठी मधोमध मातीचा उंचवटा असतो. बॅटरच्या पुढ्यात जमिनीत बसवलेल्या पांढऱ्या रबरी प्लेटपेक्षा तो दहा इंच उंच हवा, असा नियम आहे. मिलो त्यासाठी नदीच्या वळणावरून चिकणमाती आणतो, चाळतो, भिजवतो, ठोकतो आणि सामना संपला की पोरांच्या बुटांनी पडलेले खड्डे स्वतःच्या हाताने बुजवतो. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्याने खेळाडूंच्या बाकापुढच्या सिमेंटच्या पायरीवर लाल रंगाची एक रेघ ओढून ठेवली. दर वसंतात त्या रेघेपासून उंचवट्यापर्यंत दोरी ताणायची, दोरीला पाणपातळीची बुटकी नळी अडकवायची आणि बुडबुडा मध्यावर आला की टोपी काढून कपाळ पुसायचं. सव्वीस वर्षांत हा उंचवटा केसभर हललेला नाही, हे वाक्य त्याने गावातल्या प्रत्येकाला निदान दोनदा ऐकवलंय. न्हाव्याला जास्त, कारण न्हाव्याला उठून जाता येत नाही.

त्याचा एकुलता एक मुलगा कोल्बी याच गवतावर चालायला शिकला, आणि आता याच कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला डावखुरा पिचर आहे. कोल्बी सहा फूट दोन इंच. बापासारखेच कान, आईसारखी जीभ, पण ती फक्त घरात. जुलैमध्ये व्यावसायिक संघ आळीपाळीने देशभरातली पोरं निवडतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. वीस फेऱ्या होतात. त्यात नाव आलं तर पोरगा खेळून पोट भरण्याच्या वाटेला लागतो. नाही आलं तर विमा विकतो किंवा शाळेत पोरांना कवायत शिकवतो, आणि जन्मभर लोकांना सांगतो की आपला खांदा दुखावला होता.

कोल्बीचं नाव येईल का, या प्रश्नावर त्या वसंतात सगळं गाव आपापल्या परीने तज्ज्ञ झालं होतं. त्याचा वेगवान चेंडू ताशी नव्वद मैलांच्या आतबाहेर, म्हणजे हल्लीच्या मानाने बेताचाच. पण वळणारा चेंडू असा, की टेबलाच्या कडेवरून बशी निसटावी तसा शेवटच्या क्षणी खाली पडायचा आणि बॅटर हवेत बॅट फिरवून स्वतःभोवतीच गिरकी घ्यायचा. शिवाय डावखुऱ्यांना मागणी असते. अडचण एकच होती. हे सगळं टेबर क्रॉसिंगच्या मैदानावर व्हायचं. बसमध्ये बसून दुसऱ्या गावी गेला की तोच कोल्बी, तोच हात, पण चेंडू बॅटरच्या छातीइतका उंच यायचा आणि तिथून कुंपणापलीकडे जायचा. घरच्या मैदानावर त्या मोसमात तो एकदाही हरला नव्हता, बाहेर एकदाही जिंकला नव्हता.

आर्लिसच्या खानावळीत यावर रोज सकाळी सुनावणी चाले. आर्लिसचं वय साठीच्या पुढे. तिच्याकडे मत आधी मिळतं, मेनू नंतर. तिचं मत असं, की पोराला आईच्या हातच्या कोलाचीची सवय आहे, तेव्हा डोरीनने प्रत्येक बससोबत डबा द्यावा. डोरीनने दिला. मधे आलुबुखाराचा मुरंबा घातलेले ते मऊ पाव खाऊन सगळ्या संघाचे पट्टे एकेक भोक पुढे सरकले. कोल्बी हरायचा तो हरलाच. प्रशिक्षक पेटिग्रू यांनी बसचा ड्रायव्हर बदलला, मग बसचे पडदे बदलले. तसा बाहेरगावी सगळाच संघ ढेपाळायचा, चार वर्षं असंच चाललं होतं. पण बाकीच्यांना बघायला कोण येत होतं? शेवटी कॉलेजच्या समुपदेशक बाईंनी कोल्बीला श्वासाचे व्यायाम दिले आणि कानात लावायला समुद्राच्या लाटांचा आवाज. नेब्रास्कात जन्मलेल्या त्या पोराने समुद्र कधी पाहिलेला नव्हता. तरी प्रवासभर डोळे मिटून लाटा ऐकायचा, उतरायचा आणि मार खायचा.

एप्रिलच्या शेवटी रे ऑस्टगार्ड आला. रे हा एका व्यावसायिक संघाचा स्काउट, म्हणजे पोरं हेरणारा. त्याच्याकडे चार राज्यं आहेत, आणि गाडीच्या मागच्या सीटवर इस्त्रीचे शर्ट टांगलेले असतात. दोन वर्षं तो कोल्बीला बघत होता. आर्लिसकडे त्याने मिरचीचे झणझणीत बीन्स आणि सोबत दालचिनीचा गोड रोल मागवला, जसा इथे सगळे खातात, आणि मिलोला समोर बसवलं.

"तुला खरं सांगू?" रे म्हणाला. "आमच्या ऑफिसात तुझ्या पोराच्या नावापुढे एकच शब्द लिहिलाय. घरकोंबडा."

मिलोने रोलचा तुकडा बीन्समध्ये बुडवला तो बुडवलाच.

रेचं म्हणणं असं पडलं, की हात पोराचा उत्तम आहे, डोकं शांत आहे, पण परक्या गावात ज्याचं काळीज पातळ होतं त्याला कुठलाही संघ घेत नाही, कारण व्यावसायिक पोराला सगळीच गावं परकी. तरी त्याने वरच्या साहेबाला गळ घातली होती. मे महिन्याच्या दुसऱ्या शुक्रवारी, घरच्या शेवटच्या सामन्याला, साहेब स्वतः येणार होता. तो एकदाच बघतो आणि त्याने जे लिहिलं ते लिहिलं.

"मग आपला शुक्रवार घरचाच आहे की," आर्लिस बरणी पुसता पुसता म्हणाली. "इथे तो हरत नाही."

रेने मान हलवली, पण ती होकाराची होती की नकाराची, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

त्याच शनिवारी आयोवाचा एक संघ खेळायला आला. त्यांचा पिचर लाल दाढीवाला, तीन मण वजनाचा, हसतमुख. सरावाचे दोन चेंडू टाकून तो उंचवट्यावर कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि कुंपणाशी टेकलेल्या मिलोला म्हणाला, "काका, इथून मला माझं घर दिसतंय बरं का."

बाकावरची पोरं खिदळली. मिलो हसला नाही. पुढच्या दोन तासांत त्या दाढीवाल्याचा दर तिसरा चेंडू प्लेटच्या अलीकडे धुळीत आपटला आणि तो हरला. गावाने नेहमीप्रमाणे म्हटलं, की आपल्याकडे आले की पाहुण्यांचे गुडघे लटपटतात. पण जाताना त्याने मिलोचा हात हातात घेऊन मैदानाची मनापासून तारीफ केली, आणि मिलोच्या नाकाला खऱ्या मिरच्या तिथे झोंबल्या. चिडून बोलला असता तर सोडून देता आलं असतं. हा तर चांगला माणूस निघाला.

रविवारी सगळं गाव चर्चमध्ये असताना मिलो मैदानावर होता. डोरीनचा भाऊ रस्ते खात्यात आहे. त्याच्याकडून पातळी मोजायची तिपायीवरची दुर्बीण आणि उंच मोजपट्टी आणली होती. दाढीवाल्याला पत्र लिहून आकडा कळवायचा, एवढाच बेत होता. या वेळी त्याने पायरीवरून न मोजता नियमाच्या पुस्तकात आहे तसं थेट प्लेटवरून मोजलं, म्हणजे पत्रात तसं लिहिता येईल.

साडेबारा इंच.

त्याने दुर्बीण पुसली. साडेबारा. तिपायी हलवून दुसरीकडे लावली. साडेबारा. मग लाल रेघेपासून दोरी ताणली, तर दहा, केसभर इकडेतिकडे नाही.

मिलो प्लेटवरच बसला. चार वर्षांपूर्वी वसंतात नदीचं पाणी मैदानात शिरलं होतं आणि प्लेटभोवतीची माती वाहून गेली होती. त्याने नवी माती भरून प्लेट नव्याने बसवली. ती भर हिवाळ्यागणिक दबत गेली, प्लेट तिच्यासोबत खाली गेली, आणि दर वसंतात मिलो आजूबाजूची माती प्लेटला जुळवून सपाट करत राहिला. पाऊस पडला की प्लेटभोवती बशीसारखं पाणी साचायचं. त्याने दोष गटाराला दिला होता. उंचवटा खरोखरच हलला नव्हता. सगळं मैदान त्याच्या पायाशी तीन बोटं खाली बसलं होतं, आणि हा माणूस पायरीवरच्या रेघेकडे बघून टोपी काढत होता. सरावाचे उंचवटेही त्याने हौसेने याच मापाला जुळवून ठेवले होते. पंचांनी कधी मोजलं नाही म्हणावं, तर मिलोच्या मैदानावर पट्टी काढायची म्हणजे आर्लिसच्या खानावळीत स्वतःचा डबा उघडण्यासारखं.

कोल्बी तीन वर्षं अडीच इंच जादा उंचीवरून चेंडू टाकायला शिकला होता. बाहेरगावी दहा इंचांच्या उंचवट्यावर त्याचं पुढचं पाऊल जरा लवकर टेकायचं, हात मागे राहायचा आणि चेंडू वर जायचा. पाहुणे इथे येऊन धुळीत आपटायचे ते याच हिशेबाने. कोणाचेही गुडघे लटपटत नव्हते.

डोरीन चर्चमधून आली तेव्हा मिलो स्वयंपाकघरात टोपी हातात धरून उभा होता. त्याने सगळं सांगितलं. ती पर्स खांद्यावर तशीच ठेवून खुर्चीत बसली.

"म्हणजे त्या लाटा?" तिने विचारलं.

"उगाच."

"आणि माझे चाळीस डझन कोलाची?"

"ते उगाच नाही. ते चांगले होते."

डोरीनला हसू फुटलं आणि लगेच डोळेही भरले. तिचं एकाच वेळी दोन्ही होतं, पोस्टात सगळ्यांना माहीत आहे. हसू ओसरल्यावर दोघांनाही कळलं, की आता पुढचं ठरवायचं आहे. साहेब शुक्रवारी येणार, या मैदानावर. उंचवटा आहे तसा राहिला तर कोल्बीची बशी टेबलावरून पडणार, साहेब बघणार, कदाचित लिहिणार, आणि मिलो कुचेराचं नाव गावात होतं तसं राहणार. उंचवटा उतरवला, तर तीन वर्षांची सवय चार दिवसांत मोडून पोराला साहेबापुढे उभं राहावं लागणार. तिथे फसला तर दुसरी संधी नाही.

"शनिवारी सांगितलंस तर?" डोरीनने खडा टाकून पाहिला.

मिलो म्हणाला, की तोवर पोरगा स्वतःला भित्राच समजत राहील. घेतलं तरी, नाही घेतलं तरी.

डोरीनने पर्स खाली ठेवली. "मग त्याला तू सांग. माती तुझी आहे."

सोमवारी मिलोने आधी प्रशिक्षकांना गाठलं. पेटिग्रू यांनी चार वर्षांत बाहेरगावी हरलेले सामने मनातल्या मनात मोजले असावेत, कारण त्यांचा चेहरा बराच वेळ रंग बदलत राहिला. मग ते एवढंच बोलले, की पडद्यांचं कापड मी स्वतः निवडलं होतं. त्यांचा निर्णय असा, की शनिवारपर्यंत कोणी कशाला हात लावायचा नाही. मिलोने मान डोलावली. मिलोच्या मान डोलावण्याला काही अर्थ नसतो, हे डोरीनकडून ऐकायला ते पोस्टात कधी आलेच नव्हते.

मंगळवारी सकाळी कोल्बी सरावाला आला तेव्हा बाप उंचवट्यापाशी फावडं घेऊन उभा. मिलोने त्याला लाल रेघ दाखवली, प्लेट दाखवली, मोजपट्टी दाखवली. बोलताना तो पोराकडे न बघता मातीकडे बघत होता. शेवटी म्हणाला, "शुक्रवारपर्यंत राहू दे म्हणालास तर राहील. तू म्हणशील तसं."

कोल्बी कानातली वायर बोटाला गुंडाळत राहिला.

"बाबा, आयोवात सात धावा दिल्या मी एका डावात. कॅन्ससमध्ये तर मला रडू आलं होतं, तुला नाही सांगितलं." त्याने वायर सोडली. "म्हणजे मी घाबरत नव्हतो?"

"नाही रे. तू माझ्या ढिगावरून उतरून दुसऱ्याच्या ढिगावर चढत होतास, एवढंच."

कोल्बीने तोंडावरून हात फिरवला. आधी खांदे हलले, मग आवाज फुटला. तो हसत होता, इतका की उंचवट्यावर खाली बसला. "बाबा," तो म्हणाला, "मी रोज चाळीस मिनिटं समुद्र ऐकलाय." मग उठून त्याने बापाच्या हातातलं फावडं घेतलं.

दोघांनी मिळून तीन बोटं माती उतरवली. खरं तर कोल्बीने उतरवली. मिलो मधे मधे "हळू, हळू" म्हणत ती हाताने बादलीत भरत होता, जसं काही कोणाचं धान्य सांडतंय. दुपारी पेटिग्रू आले, नुसते बघत उभे राहिले, आणि झाल्यावर म्हणाले, "आता पोराला चेंडू टाकू दे तरी." तीन दिवस कोल्बीने टाकले. बुधवारी सगळे वर. गुरुवारी निम्मे वर. शुक्रवारी सकाळी मिलोने विचारलं नाही आणि कोल्बीने सांगितलं नाही.

साहेब आला तो साधाच, सूर्यफुलाच्या बिया चघळणारा, कोणाशी न बोलणारा माणूस. रेशेजारी प्लेटच्या मागे बसला. गॅलरीत सगळं गाव होतं. मिलोने कोणालाच काही सांगितलेलं नव्हतं. तो नेहमीच्या जागी कुंपणाला टेकला होता, पण हात खिशात. खिशात उंचवट्याच्या मातीचं एक ढेकूळ होतं, त्याचा त्याने चुरा करून टाकला.

कोल्बीचा पहिला चेंडू बॅटरच्या कानावरून गेला. दुसरा खांद्यावरून. चार वाईट चेंडूंवर पहिला बॅटर फुकट पहिल्या बेसवर गेला. पुढचाही तसाच. गॅलरीत खुसपूस सुरू झाली. आर्लिसने मोठ्याने विचारलं, आज त्याला घरीच बसमध्ये बसवून आणलं की काय. रेने वही मिटून मांडीवर ठेवली. डोरीनने मैदानाकडे पाठ केली आणि पार्किंगमधल्या गाड्यांचे नंबर वाचायला लागली.

कोल्बी उंचवट्याच्या मागे उतरला, वाकून हाताला माती लावली आणि थोडा वेळ पायाखाली बघत राहिला. बाकाकडे त्याने पाहिलं नाही, बापाकडेही नाही. परत चढला तेव्हा पाऊल उचलण्याआधीच हात हातमोज्यातून थोडा लवकर सोडवला, अगदी डोळ्याची पापणी लवावी इतकाच. चेंडू गुडघ्याच्या उंचीने आला आणि खाली पडला. तिसरा बॅटर तीनदा स्वतःभोवती फिरला आणि बाद झाला. चौथ्याने हलकासा मारला आणि त्यातच एका दमात दोघे बाद. तीन बाद झाले, डाव संपला.

त्यानंतर सहा डाव तो टिकला. बशी पूर्वीसारखी धडाधड पडत नव्हती. तीन बोटांचा उतार गेला होता, तेवढी ती आता हळू निसटायची. पण कुठे निसटायची ते कोल्बी ठरवत होता. दोन धावा दिल्या, तिसरी त्याच्यानंतर आलेल्या पिचरने. टेबर क्रॉसिंग मात्र हरलं, तीन-दोन असं, कारण पाहुण्या पिचरचे चेंडू चार वर्षांत पहिल्यांदा धुळीत न आपटता सरळ येत होते आणि घरच्या पोरांना त्यांची सवयच नव्हती.

माणसं उठायला लागली तसा मिलो रे आणि साहेबापाशी गेला. टोपी काढली. रेघ, प्लेट, नदीचं पाणी, साडेबारा, दहा, सगळं एका दमात सांगितलं, आणि शेवटी म्हणाला, की घरकोंबडा लिहायचं असेल तर ते बापाच्या नावापुढे लिहा.

रेने वही उघडून दोन वर्षांपूर्वीचं पान काढलं. त्यावर त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं, इथे पाहुणे पिचर खाली का टाकतात, कळत नाही. "दोन वर्षं मी तुमच्या हवेला दोष देत होतो," तो म्हणाला. "कोठाराच्या धुळीला."

साहेबाने बियांची टरफलं कागदी पेल्यात थुंकली आणि पहिल्यांदाच तोंड उघडलं. "पहिले दोघं फुकट गेल्यावर काय बदलायचं, ते त्याला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही," मिलो म्हणाला. "मला तर आत्ताही माहीत नाही त्याने काय केलं."

साहेबाने ते लिहून घेतलं. किती शब्द लिहिले, हे गावात अजून ठरलेलं नाही. आर्लिस चार म्हणते, न्हावी एक ओळ म्हणतो.

उंचवट्याची गोष्ट गावभर झाली आणि पुढचे आठ दिवस मिलोला आर्लिसकडे बीन्ससोबत रोल मिळाला नाही. चार वर्षं घरच्या मैदानावर जिंकलेलं सगळं आता निम्म्या किमतीचं झालं, अशी तिची तक्रार. पण त्याच आठवड्यात विभागीय स्पर्धेला संघ दक्षिण डकोटात गेला. कोल्बीने तिथे आठ डाव टाकले आणि एक धाव दिली. जाताना बसमध्ये त्याने कानात काहीच घातलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मिलोच्या बशीत रोल होता, वर साखरही जास्त. आर्लिस एवढंच म्हणाली, की तुझ्यासाठी नाही, पोरासाठी.

जुलैमध्ये ड्राफ्टच्या तिसऱ्या दिवशी कुचेरांच्या घरात माणसं मावत नव्हती. डोरीनने बटाट्याची कोशिंबीर परातभर केली होती. कोल्बी फोन पालथा घालून बसला होता. दहावी फेरी गेली, अकरावी गेली, बाराव्या फेरीत दोन डावखुरे गेले आणि दोन्ही कुठले तरी भलतेच. मिलो तिथे नव्हता. त्याला घरात बसवेना, मैदानावर त्या दिवशी काम नव्हतं, म्हणून त्याने शेडमधून गवत कापायचं यंत्र काढलं आणि स्वतःच्या अंगणात घातलं. शेजारी घराबाहेर येऊन उभे राहिले, काही जण फोटो काढत होते. पाइप सापडला. एक हरीण सापडलं, दुसऱ्याची शिंगं.

चौदाव्या फेरीत फोन वाजला, पलीकडे रे होता. आतून आरडाओरडा झाला, पण यंत्राच्या घरघरीत मिलोला काही ऐकू गेलं नाही. डोरीन दारात येऊन दोन्ही हात हलवायला लागली. त्याला वाटलं मांजर मिळालं. तो यंत्र बंद करून वाकून गवतात बघायला लागला, तेव्हा कोल्बी धावत येऊन मागून त्याच्या गळ्यात पडला. मिलोने पोराच्या डाव्या हाताचा पंजा उघडून पाहिला, बोटं मोजल्यासारखा, आणि परत मिटून दिला.

कोल्बी संघाच्या शिबिराला निघताना मिलोने त्याच्या बॅगेत दोरीचा गुंडा आणि ती बुडबुड्याची नळी ठेवली. डोरीनने कोलाचीचे चार डबे ठेवले, कारण ते उगाच नव्हते. पायरीवरची लाल रेघ तोवर मिलोने तारेच्या ब्रशने घासून काढली होती. प्लेट खणून तिच्याखाली भर घालून ती पुन्हा वर आणली आणि उंचवटा तिच्याशी जुळवला. आता तो दर सोमवारी थेट प्लेटवरून मोजतो. न्हाव्याला नवीन वाक्य मिळालंय: उंचवटा कधी एकटा मोजायचा नसतो.

तिसऱ्या दिवशी ॲरिझोनातल्या शिबिरातून कोल्बीचा फोन आला. डोरीनने जेवण विचारलं, झोप विचारली, खोलीतला दुसरा मुलगा कुठला ते विचारलं. तो व्हेनेझुएलाचा होता आणि त्याने दीड डबा कोलाची संपवला होता. मिलो शेजारी उभा राहून हाताने खूण करत होता. शेवटी त्याने फोन ओढूनच घेतला.

"मोजलंस?"

"मोजलं."

"किती?"

"पावणेदहा."

मिलोच्या तोंडावर असा आनंद पसरला, की डोरीनला वाटलं पोराला थेट मोठ्या संघात घेतलं. "प्लेटवरून मोजलंस ना?"

"प्लेटवरूनच, बाबा. तीनदा."

"त्यांच्या मैदान राखणाऱ्याला सांगितलंस का मग?"

"मला येऊन तीन दिवस झालेत."

"बरं, बरं," मिलो खिडकीतून आपल्या कापलेल्या अंगणाकडे बघत म्हणाला. "आठवडाभर जाऊ दे. पण चांगल्या शब्दांत सांग हं. वाईट वाटतं माणसाला."